चौथ्या कोपऱ्यातला अंधार

नाना, डोळ्याचा तो फोटो मी काल पुन्हा उघडला. तुम्ही गेल्यापासून ही अकरावी वेळ. उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, लाल रंग काढून नुसत्या हिरव्यात पाहिला, मोठा करून स्क्रीनला नाक लावलं. चौथ्या कोपऱ्यात अंधारच आहे. गोल फोटोला कोपरे नसतात, असं मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "मग चार दिशा म्हण, पण बघ." तर बघतेय. बावीस दिवस झाले, दुसरं काही धड करवत नाही. चहा ठेवते आणि विसरते. कुणी हाक मारली की अंगावर जाते.

तुमच्या तेराव्याला सगळे तुमच्याबद्दल बोलले. शांत स्वभाव, कुणाशी वाकडं नाही, मनमिळाऊ. मी मागे बसून ऐकत होते आणि हातातला रुमाल पिळत होते. मनमिळाऊ कसले? सात वर्षं माझ्याशी भांडलात तुम्ही. पाटोद्याच्या बाजारात भांडलात, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर गुळाचा चहा पीत भांडलात, दिंद्रुडला शाळेच्या व्हरांड्यात पेशंटांची रांग लागलेली असताना भांडलात. तुमच्या मंडळी, आमच्या काकू, मला म्हणाल्या, तूही दोन शब्द बोल. मी नाही म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते दोन शब्दांत मावणारं नव्हतं, आणि अशा जागी भांडण काढलं तर लोक काय म्हणतील? म्हणून इथे काढतेय.

मी डोळे तपासणीचा कोर्स करून आपल्या फिरत्या गाडीवर आले तेव्हा मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. तुम्ही उभी हयात सरकारी आरोग्य केंद्रांत चष्म्याचे नंबर काढण्यात घालवून, निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून या गाडीवर आलेले. पहिल्या दिवशी तुम्ही एका शुगरच्या माणसाच्या डोळ्याचा फोटो समोर ठेवलात आणि विचारलंत, काय दिसतं? मी पुस्तकातली नावं धडाधड म्हटली. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, नावं नंतर, आधी रस्ते बघ. मोठे रस्ते, मग पायवाटा, मग कुठे काय सांडलंय ते. रस्ते म्हणजे नसा आणि सांडलेलं म्हणजे रक्त. मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं होतं. आज नव्या मुलींना शिकवायची वेळ आली की माझ्या तोंडून तेच निघतं.

लोकांना समजावण्याची तुमची तऱ्हा आपले ड्रायव्हर रऊफभाई अजून नक्कल करून दाखवतात. शुगर जुनी झाली की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक नसा झिरपायला लागतात. दुखत नाही, खुपत नाही, बरेच दिवस दिसायलाही काही कमी होत नाही, आणि कमी होतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. हे सगळं तुम्ही एका वाक्यात सांगायचात. कुणीतरी म्हणायचं, "नाना, मला तर लांबून येस्टीची पाटी वाचता येती." तुम्ही म्हणायचात, "वाचता येती म्हणूनच आज फोटू काढ. मग काढून काय करशील?"

आणि मग पायरी. शून्य म्हणजे पडदा स्वच्छ. एक म्हणजे सुरुवात, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे तीव्र, आणि चार म्हणजे नको तिथे नव्या नाजूक नसा उगवलेल्या, केव्हाही फुटतील अशा. दोनला सांगायचं, सहा महिन्यांनी ये. तीनला सांगायचं, आत्ता बीडला मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमकडे जा. दोन आणि तीनच्या मधली रेघ, तीच आपल्या भांडणाची जागा. सात वर्षं आपण दोघं त्या रेघेवर उभे होतो.

नियम असा की दोघांनी एकमेकांचं न बघता पायरी द्यायची. आपला बाक एकच. त्यावर तुम्ही तोड काढलीत. चिठ्ठीवर आकडा लिहायचा, घडी घालायची आणि तुमच्या स्टीलच्या फुलपात्राखाली सरकवायची. दोन्ही चिठ्ठ्या आल्या की रऊफभाईंनी उघडायच्या, कारण गाडी चालवणाऱ्याला ना तुमची बाजू ना माझी. जुळलं तर रजिस्टरला. नाही जुळलं तर फोटो बीडला डॉक्टर मॅडमकडे, त्या म्हणतील ते खरं. रऊफभाई मलाही मॅडमच म्हणायचे, आणि निवडणुकीचा निकाल लावल्यासारखे वाचायचे, "नाना तीन, मॅडम दोन." पुढे पुढे तर चिठ्ठी उघडायच्या आधीच म्हणायला लागले.

तुमची चोरी मला दुसऱ्या वर्षी सापडली. चोरीच म्हणते, रागवा. कॅमेऱ्यापुढे हनुवटी टेकवायच्या आधी तुम्ही प्रत्येकाला विचारायचात, कुठं जाणार? कवा परत येणार? आणि फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं महिना लिहायचात. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, गप्पा मारतोय. एका रविवारी मी वर्षभराचे फॉर्म काढून बसले. ज्यांच्या कोपऱ्यात महिना होता, ऊसतोडीला जाणारे, मेंढरं घेऊन जाणारे, त्यांना तुम्ही जवळजवळ दर वेळी एक पायरी वर चढवलेलं. मी सोमवारी तुम्हाला सरळ विचारलं. तुम्ही नाकारलं नाहीत, त्यानं तर माझं डोकं आणखी फिरलं.

"दोन लिवलं तर सहा महिन्यानं ये म्हणायचं," तुम्ही म्हणालात. "सहा महिन्यानं तो असतो कुठं? कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत. मंग आजच बीडला धाडला तर काय बिघडलं?"

"पायरी पडद्यावर असते नाना, माणसाच्या गावात नसते."

"पडदा काय एकटाच जातो का ऊस तोडाया?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते मी तुम्हाला पुढची अनेक वर्षं ऐकवलं. दिंद्रुडच्या एका बाईला तुम्ही असंच तीन लिहून पाठवलं होतं. तिचा कामाचा दिवस बुडाला, आणि मॅडमनी तपासून सांगितलं की अजून काही करायची गरज नाही. पुढच्या वर्षी तिचा पडदा खरोखर तीनवर आला, तेव्हा ती उंबऱ्यातूनच म्हणाली, मागच्या टायमाला काय निघालं हुतं? तिला नेण्यासाठी आपल्याला चार हेलपाटे पडले. त्यातला एक तुम्ही तापात घातलात. म्हणजे तुमच्या दयेची किंमत तुम्हीच मोजत होतात आणि तरी सुधारत नव्हतात.

दोन वर्षांपूर्वी पाटोद्याच्या कॅम्पात माझा तोल सुटला. चारचौघांसमोर मी म्हटलं, तुम्ही फोटो वाचत नाही, माणसं वाचता. अशानं आपल्या तीनला कुणी विचारणार नाही. तुम्ही फुलपात्रातलं पाणी प्यालात आणि पुढच्या माणसाला म्हणालात, हनुवटी टेकव बाबा. दिवसभर तुम्ही मला हेडबाई म्हणून चिडवलं नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुम्हाला लागलंय. कळलंही होतं. मी माफी मागितली नाही.

आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात धुळाबा आला.

पाटोद्याच्या पलीकडच्या माळावरचा मेंढपाळ. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, बाजाराला आला होता आणि तुम्ही हाताला धरून गाडीत आणला होता. बाहुली मोठी करायचे थेंब त्यानं घालू दिले नाहीत. थेंबानं चार तास धूसर दिसतं आणि त्याला दिवस मावळायच्या आत कळप डांबरी रस्ता ओलांडून न्यायचा होता. "मेंढरू गाडीखाली गेलं तर तुमचा फोटू घिऊन काय करू?" म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. शुगरच्या माणसाची बाहुली मुळात बारीक, तसाच फोटो काढला. डाव्या डोळ्यात तीन भागांत लाल डाग भरपूर. चौथा, खालचा नाकाकडचा, अंधारात बुडालेला. चारही भागांत असे डाग असले तर तीन. मला तीनच भागांत दिसले. मी दोन लिहिलं आणि चिठ्ठी सरकवली.

रऊफभाईंनी वाचलं, "नाना तीन, मॅडम दोन." कुणी हसलं नाही. मी विचारलं, चौथ्यात कुठे दिसलं तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "हायेत तिथं." मी म्हटलं, दिसत नाही ते मी लिहिणार नाही. आता फोटो मॅडमकडे जायचा. नियम तुमचा, फुलपात्र तुमचं. पण तुम्ही रऊफभाईंच्या हातातून स्वतःची चिठ्ठी घेतलीत, फाडून चार तुकडे केलेत आणि रिकाम्या फुलपात्रात टाकलेत. "हेडबाईंचंच लिवा," म्हणालात.

खरं सांगू? मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. फोटो मॅडमकडे पाठवा, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? रऊफभाईंनी दोन लिहिलं, धुळाबाला सांगितलं सहा महिन्यांनी ये. तो दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीला गेला. आठ महिन्यांनी परतला तेव्हा डावा डोळा आतून रक्तानं भरला होता. मॅडमनी जे करता येईल ते केलं, पण त्या डोळ्यानं त्याला समोर धरलेली बोटंही मोजता येईनात.

त्यावर आपण कधीच बोललो नाही, नाना. बाकी सगळ्यावर बोललो. चष्म्याच्या काड्यांवर, काकूंच्या गुडघ्यांवर, गुळाच्या चहात साखर नसते या तुमच्या अजब शास्त्रावर. धुळाबाचा विषय निघाला की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात आणि मी रजिस्टर. त्याचा उजवा डोळा तेवढा राहिला होता, तो दोनवर होता, आणि मॅडमनी दर तीन महिन्यांनी फोटो काढायला सांगितला होता. गंगथडीला तो कुठल्याही शिवारात असो, तुम्ही त्याला शोधून आणायचात. रागावलेला माणूस तुमच्याबरोबर कसा येतो, तुम्ही त्याला काय सांगता, मी विचारलं नाही. मी तुमच्यावर चिडलेच होते. सात वर्षांत माघार घेतली नाहीत, त्याच दिवशी कशी घेतलीत? तुम्हाला चौथ्या कोपऱ्यात खरंच दिसलं होतं तर माझ्याशी भांडायचं होतं. नव्हतं दिसलं तर तीन लिहायचं नव्हतं. यातलं एकही तुम्ही केलं नाहीत. माझं मन राखलंत आणि माणसाचा डोळा गेला. आणि राखून घेणारी मी.

तेराव्यावरून परत येताना रऊफभाईंनी मांजरसुंब्याला गाडी थांबवली. चहा आला, त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले की एक गोष्ट नानांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता ठेवून काय करू. गेल्या चैत्रात दिंद्रुडच्या कॅम्पात एक फोटो बिननावाचा होता, नुसता नंबर. तो नानांच्या डोळ्याचा होता. मी जेवायला गेले तेव्हा तुम्ही हनुवटी टेकवलीत आणि रऊफभाईंनी बटण दाबलं.

मला तो फोटो आठवतो, नाना. आठवतो कारण त्या दिवशी सगळं उलटं झालं होतं. रऊफभाईंनी वाचलं होतं, "नाना दोन, मॅडम तीन," आणि मी इतकी हसले होते की रांगेतली माणसं आत डोकावली. मी म्हटलं, काय नाना, आज सूर्य कुठे उगवला? तुम्हीही हसलात. मग म्हणालात, नियमाप्रमाणे मॅडमकडे पाठवा. मला वाटलं, सुधारला म्हातारा. मॅडमचं उत्तर आलं, तीन. पुढच्या आठवड्यात तुम्ही चार दिवस लेकीकडे जातो म्हणून रजा घेतलीत. लेकीकडे कुठले? रऊफभाईंनी तुम्हाला बीडला लेझरला नेलं होतं. "मी म्हणलो नानाला, आपल्या मॅडमला सांगून काढू," रऊफभाई म्हणाले, "तर म्हणले, वळख सांगू नको. वळखून दिलेली पायरी मला नको."

तेराव्याला मला रडू आलं नव्हतं. ते त्या ढाब्यावर आलं. मी तुमच्या डोळ्याच्या आत पाहिलं, रस्ते पाहिले, पायवाटा पाहिल्या, सांडलेलं मोजलं आणि तुम्हाला ओळखलं नाही. चहावाल्या पोऱ्याला दिसू नये म्हणून रऊफभाईंनी माझ्यासमोर वर्तमानपत्र धरलं.

रडून झाल्यावर राग आला. जन्मभर दुसऱ्यांना ओळखून पायऱ्या वाटणारा माणूस स्वतःसाठी मात्र बिनओळखीची मागतो! म्हणजे माझं बरोबर होतं हे तुम्हाला पटलं होतं. मग तोंडानं सांगायला काय झालं होतं? आणि स्वतःची चिठ्ठी लिहिताना तेवढे एक पायरी खाली उतरलात. मॅडमना तीन दिसलं, मला दिसलं, आणि हजारो पडदे पाहिलेल्या तुम्हाला दोन. काकू म्हणतात की शेवटच्या सकाळीही तुम्ही पेपरातली बारीक अक्षरं वाचून दाखवत होतात. ती अक्षरं तुम्हाला दिसली यात माझ्या चिठ्ठीचा हात आहे. नाना, एवढं एक सुख तुम्ही मला जिवंतपणी द्यायला हवं होतं.

त्यानंतर तर चैनच पडेना. गाडीत गेले, फुलपात्र पुसलं, परत ठेवलं, रजिस्टर उघडलं. धुळाबाच्या उजव्या डोळ्याची तारीख उलटून नऊ दिवस झालेले. दिवाळी आठवड्यावर. दिवाळी झाली की तो जाणार, आणि आता त्याला शोधून आणणारं कुणी नाही. माझ्या हाकेला तो येईल असं मला वाटत नव्हतं. मीच त्याला सहा महिन्यांनी ये म्हणणारी. तरी गेल्या सोमवारी रऊफभाईंना म्हटलं, गाडी माळाकडे घ्या.

धुळाबा बाभळीखाली उभा होता. मला पाहून त्यानं माझ्या मागे पाहिलं. "नाना कावून न्हाई आले?" मी सांगितलं. त्याला कुणी कळवलंच नव्हतं, नाना. तो खाली बसला, पटका काढून गुडघ्यावर ठेवला आणि मेंढरांकडे पाहत राहिला, मान डावीकडे जास्त वळवून, आता त्याला तसंच पाहावं लागतं. मग त्यानं विचारलं, थेंब घालायचे का? मी हो म्हटलं. "मंग मेंढरं तुमाला बघावं लागतेल. नानाच बघायचे."

असं आणायचात होय तुम्ही त्याला! शर्टाच्या खिशात पेन लावलेला, सत्तरीकडे झुकलेला माणूस, हातात काठी घेऊन चार तास माळावर.

थेंब घातले. अर्ध्या तासानं रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीत फोटो काढला. बाहुली मोठी झालेली, चारही कोपरे लख्ख. आणि चारही कोपऱ्यांत लाल डाग, मोजायची गरज पडू नये इतके. मी तीन लिहिलं. सवयीनं चिठ्ठीची घडी घातली आणि फुलपात्राखाली सरकवली. रऊफभाईंनीही काही न बोलता ती उघडली आणि वाचलं, "मॅडम तीन." पुढे थांबले. मी फॉर्म उलटा केला आणि धुळाबाला विचारलं, कुठं जाणार? कधी परत येणार?

तो धूसर डोळ्यांनी माझ्याकडे बघून हसला. "नाना हे आदी इचारायचे. तुमी मागून इचारलं."

सात वर्षांचं आपलं भांडण त्यानं एवढ्यात सांगितलं. नाना, हे मला तुम्ही गेल्यावर सुचलं. पायरी पडद्याची, ती फोटोवरूनच द्यायची, माणूस कोण हे न बघता. तारीख मात्र माणसाची. दोन असलं तरी जाणाऱ्याला सहा महिन्यांनी ये म्हणायचं नाही, जाण्याआधी मॅडमशी बोलायचं, परतीचा महिना मागच्या बाजूला लिहायचा. इतकं साधं होतं. दोघांपैकी एकानं जरा गप्प बसून दुसऱ्याचं ऐकलं असतं तर दुसऱ्याच वर्षी जमलं असतं. मॅडमना मी फोनवर सगळं सांगितलं, तीन आहे, दुसरा डोळा गेलेला आहे, माणूस आठ महिने बाहेर असतो. त्या म्हणाल्या, थांबायचं नाही, उद्याच आणा.

उरलेली दुपार मी मेंढरं राखली. माझ्यासारखी मेंढरं कुणी राखली नसतील. धुळाबा बाभळीखाली डोळे मिटून बसला होता आणि नुसत्या आवाजावरून मला हुकूम सोडत होता, डावीकडलं पांगलं, म्होरल्याला आडवा. तरी पाच-सहा मेंढरं शेजारच्या तुरीत शिरली आणि त्या शेताच्या मालकिणीनं माझा उद्धार केला. धुळाबा म्हणाला, नाना हितं एकदा पडले हुते. मी विचारलं, लागलं का? तो म्हणाला, कुणाला सांगू नको म्हणले.

उन्हं कलली, त्याला लांबचं दिसायला लागलं, तेव्हा मी त्याच्यापुढे बसले. दोन वर्षं न बोललेलं बोलले. म्हटलं, धुळाबा, त्या दिवशी नानांनी तुम्हाला लगेच बीडला पाठवायचं म्हटलं होतं. मी नको म्हटलं. मॅडमना विचारायचं होतं, तेही विचारलं नाही. तुमचा डावा डोळा माझ्या चिठ्ठीनं गेला.

त्यानं काठीनं मातीत एक रेघ ओढली. "ठाव हाय," म्हणाला. "नानानं सांगितलं हुतं मला. मी लई शिव्या घातल्या तुमाला. तर म्हणले, हेडबाईंचं बरूबर हुतं. फोटूत तेवढंच दिसत हुतं."

मंगळवारी त्याच्या उजव्या डोळ्याला लेझर झालं. दुसऱ्या दिवशी परत येताना त्यानं रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचल्या, अक्षरओळख बेतानंच आहे तरी. भाऊबीज झाली की तो निघेल. कुठल्या महिन्यात कुणाच्या शिवारात असेल ते सगळं मी मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून घेतलंय, आणि माघात गाडी तिकडे न्यायची असं रऊफभाईंशी ठरलंय. त्या डोळ्याची काळजी आता करू नका. ती माझ्याकडे आहे.

पण ते एक वाक्य मला बसू देत नाही. फोटोत तेवढंच दिसत होतं. ते खरं असेल तर चौथ्या कोपऱ्यात तुम्हालाही अंधारच दिसला होता, आणि तुम्ही तीन लिहिलंत ते धुळाबा जाणार म्हणून. मग चुकलो ते दोघं मिळून, आणि तेवढं मी पेलीन. पण खोटं असेल तर? तर तिथले डाग तुम्हाला दिसले होते, मला दिसले नव्हते, आणि ते मला कधी कळू नये म्हणून तुम्ही माळावर बसून, त्या माणसाच्या शिव्या ऐकत, माझी पायरी बदललीत. ओळखीच्या माणसाला पायरी बदलून द्यायची तुमची सवय माझ्याइतकी कुणाला माहीत आहे? म्हणून काल तो फोटो पुन्हा उघडला, आणि हे लिहून झाल्यावर बहुतेक पुन्हा उघडीन.

नाना, माझं बरोबर होतं असं जे तुम्ही धुळाबाला म्हणालात, ते फोटो बघून म्हणालात, की मला ओळखून?